सात पिढ्या राखलेलं गुपित

नवं वर्ष लागलं की जपानमधल्या उराकामी गावच्या झाडून साऱ्या माणसांना पाटलाच्या वाड्यावर हजर व्हावं लागे. म्हातारी, तरणी, नव्यानं नांदायला आलेली सून, कडेवरचं मूल, कुणालाही त्यातून सूट नव्हती. ओसरीवर सरकारी अंमलदार वही उघडून बसलेला असे. त्याच्यापुढं जमिनीवर पितळेची एक पाटी ठेवलेली. पाटीवर क्रुसावरचा येशू नाहीतर बाळाला घेतलेली मरियामाता कोरलेली. नाव पुकारलं की अनवाणी पुढं यायचं, त्या पाटीवर पाय ठेवायचा आणि बाजूला व्हायचं. ज्याचा पाय अडखळला, ज्याच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याच्या नावापुढं खूण. तान्ह्या बाळाचा पायसुद्धा आई पाटीला टेकवून घेई. अंथरुणाला खिळलेला माणूस असला तर पाटी त्याच्या घरी जाई.

जपानी भाषेत या प्रकाराला 'फुमिए' म्हणत. नागासाकी शहराच्या आसपास तो सुमारे सव्वादोनशे वर्षं चालला. आणि त्या सव्वादोनशे वर्षांत उराकामीचे शेतकरी दरसाल पाटीवर पाय ठेवून घरी परत येत, दार लावून घेत आणि त्याच देवापुढं गुडघे टेकून क्षमा मागत. त्यांच्यात धर्मगुरू नव्हता, देऊळ नव्हतं, छापील पुस्तक नव्हतं. होती ती भातखाचरं, रताळ्याचे वाफे आणि आजीनं नातवाला कानात सांगितलेल्या प्रार्थना.

धर्मापायी छळ सोसलेल्या माणसांच्या गोष्टी जगात पुष्कळ आहेत. त्यातल्या बहुतेक राजांच्या, साधूंच्या, विद्वानांच्या. ही गोष्ट कुळांची आणि रयतेची आहे, म्हणून ती आपल्या वाचकांना सविस्तर सांगावीशी वाटते.

गोव्याहून गेलेलं बियाणं

जपानात ख्रिस्ती धर्म पोहोचला तो आपल्या गोव्यावरून. फ्रान्सिस झेवियर हा जेझुइट धर्मगुरू १५४९ च्या उन्हाळ्यात गोव्याहून निघाला आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला दक्षिण जपानातल्या कागोशिमा बंदरात उतरला. त्याचं शव आज जुन्या गोव्याच्या बॉम जेझू चर्चमध्ये आहे, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. त्याच्यामागून आणखी धर्मगुरू गेले. पोर्तुगीज गलबतं रेशीम आणि बंदुका घेऊन येत, त्यामुळं किनाऱ्यावरच्या सरदारांना पाद्री हवेसे वाटत. ओमुरा सुमितादा या सरदारानं १५६३ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढं नागासाकी बंदरच जेझुइटांच्या हवाली केलं. सरदार बाटला की त्याची रयतही पाठोपाठ. पण नुसत्या धन्याच्या हुकमानं आलेला धर्म धनी बदलला की जातो. इथं तो गेला नाही. तो का गेला नाही, याचं उत्तर खालच्या माणसांत शोधावं लागतं. गरिबांची शुश्रूषा, मेलेल्याचं अंत्यकर्म, अडल्यानडल्याला धान्य ही कामं करणारी गावोगावची मंडळं त्या काळात उभी राहिली होती. पुढं गुपित राखलं ते या मंडळांनीच.

राज्यकर्त्यांचीही बाजू समजून घेतली पाहिजे. काही ख्रिस्ती सरदारांनी आपल्या मुलुखातली बौद्ध आणि शिंतो देवळं पाडली होती. पोर्तुगीज व्यापारी जपानी माणसं गुलाम म्हणून परदेशी नेत होते. आणि पाद्र्यांच्या मागून स्पेनच्या राजाच्या तोफा येतात, ही भीती काही निव्वळ कल्पनेतली नव्हती. फिलिपाईन्स बेटांत काय झालं ते जपान्यांना ठाऊक होतं. शिवाय ज्या गोव्याहून हा धर्म गेला, त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचं न्यायासन बसलं होतं आणि त्याच धर्माच्या नावानं इतरांना जाच होत होता. ज्याच्या हाती सत्ता, त्याच्या हाती चाबूक. कुणाच्या पाठीवर तो पडायचा एवढाच फरक. पण कारणं काहीही असोत, पाठ होती ती शेतकऱ्याची, आणि त्यानं ना देऊळ पाडलं होतं ना तोफ मागवली होती.

१५८७ साली सर्वसत्ताधीश हिदेयोशी यानं पाद्र्यांना देश सोडायला फर्मावलं. दहा वर्षांनी, ५ फेब्रुवारी १५९७ ला, नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारण्यात आलं. भर थंडीत त्यांना क्योतोकडून शेकडो मैल पायी चालवत आणलं होतं, प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापून. त्यात २० जण जपानी होते. सर्वांत लहान लुईस इबाराकी अवघा १२ वर्षांचा.

आणि त्या २६ जणांत एक आपल्या वसईचा होता. गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. वसईच्या जेझुइटांकडं शिकून पंधराएक वर्षांचा असताना तो जपानला गेला. तिथली भाषा त्यानं अशी आत्मसात केली, की पुढं फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाल्यावर हिदेयोशीच्या दरबारात दुभाष्या म्हणून त्यालाच नेलं. मधल्या काळात त्यानं व्यापारही केला होता. क्रुसावर गेला तेव्हा त्याचं वय चाळिशीच्या घरात होतं. १८६२ साली पोप पायस नववे यांनी या २६ जणांना संतपद दिलं. वसईजवळच्या गास गावचं चर्च संत गोन्सालो गार्सिया यांच्याच नावाचं आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, पण वसईची ख्रिस्ती मंडळी आपल्या धर्मात आणि आपल्या बोलीत राहिली.

१६१४ साली तोकुगावा सरकारनं सगळ्या देशातच बंदी घातली. त्या वेळी जपानात तीन लाखांच्या आसपास ख्रिस्ती असावेत असा अंदाज आहे. मग धरपकड, जाळणं, उकळत्या गंधकाच्या झऱ्यात बुडवणं, खड्ड्यावर उलटं टांगणं. ते तपशील इथं वाढवत नाही. १६३७ साली शिमाबारा भागातले शेतकरी उठले. तिथला सरदार नवा किल्ला बांधायला आणि स्वतःचा बडेजाव सांभाळायला पिकापेक्षा जास्त सारा मागत होता. सारा थकला तर माणसाच्या अंगावर गवताची इरली बांधून पेटवून देत. पोट आणि देव दोन्ही एकदम धोक्यात आल्यावर काय व्हायचं ते झालं. हारा नावाच्या ओसाड किल्ल्यात बायकामुलांसह सुमारे ३७,००० माणसं जमली. १६३८ च्या वसंतात ती जवळजवळ सगळी मारली गेली. १६४४ साली देशातला शेवटचा धर्मगुरूही संपला, आणि जपानची दारं बंद झाली.

गावानं गुपित कसं सांभाळलं

आता सरकारचा बंदोबस्त पाहा. प्रत्येक घराचं नाव कुठल्यातरी बौद्ध मठाच्या वहीत चढलेलं पाहिजे. हा माणूस ख्रिस्ती नाही, असा दाखला मठाचा भिक्षू देणार. तो दाखला नसेल तर लग्न नाही, प्रवास नाही. माणूस मेला तर भिक्षूनंच येऊन मंत्र म्हणायचे. शिवाय पाच-पाच घरांचा एक गट बांधलेला. गटातल्या एका घरात ख्रिस्ती सापडला तर पाचही घरांना शिक्षा. गावाच्या वेशीवर सरकारी फळा, त्यावर बक्षिसाची रक्कम. पाद्री पकडून देणाऱ्याला चांदीची ५०० नाणी. ज्यानं सालभर भात पिकवायचं आणि साऱ्यापायी स्वतः रताळ्यांवर भागवायचं, त्याच्या डोळ्यांपुढं ती रक्कम रोज लटकत होती.

तरी उराकामीत फितुरी फार क्वचित झाली. कारण गावानं स्वतःचीच एक व्यवस्था उभी केली होती. त्यात तीन माणसं महत्त्वाची. पहिला 'चोकाता', म्हणजे वही सांभाळणारा. त्याच्याकडं वर्षाचं पंचांग असे. येशूचा जन्म कधी, उपवासकाळ कधी लागतो, पुनरुत्थानाचा सण कोणत्या दिवशी, याचा हिशेब तो करी. दुसरा 'मिझुकाता', पाणी देणारा. गावात मूल जन्मलं की बाप्तिस्मा द्यायचं काम त्याचं. शब्द चुकला तर बाप्तिस्मा फुकट, म्हणून तो ते पोर्तुगीज-लॅटिन शब्द घोकून घोकून पाठ ठेवी. तिसरा 'किकियाकू', म्हणजे ऐकून सांगणारा. प्रत्येक वाडीचा एक. यंदाचा सण या तारखेला, अमक्याच्या घरी बाळ झालंय, असे निरोप तो घरोघर पोहोचवी. कागदाचा चिटोराही न वापरता. आपल्याकडं गावकीत मानकरी असतात, तसेच हे. फरक इतकाच, की यांचा मान कुणाला दिसता कामा नये.

पंचांग होतं बास्तियान नावाच्या जपानी प्रचारकाच्या नावाचं, १६३४ सालचं. जपानी महिने चंद्रावर चालत, ख्रिस्ती सण युरोपच्या सौर कालगणनेवर. दरसाल एकाचं दुसऱ्यात बसवायचं. आपल्याकडं जोशीबुवा अधिक महिन्याची गणितं करतात, तसलंच हे काम, पण हे करणारा दिवसभर चिखलात भात लावणारा गडी होता. ठरलेल्या दिवशी जड कामं टाळायची, उपासाच्या दिवसांत मांसाला शिवायचं नाही. पण टाळलेलंही दिसू नये, म्हणून कुदळ खांद्यावर टाकून बांधावर जायचं आणि बसून यायचं, असंही घडत असेल. हा माझा तर्क आहे. पण गावात राहणाऱ्याला हा तर्क पटावा.

भिक्षू मंत्र म्हणायला येई तेव्हा त्याला अडवायची सोय नव्हती. मग शेजारच्या खोलीत बसून घरची माणसं हळू आवाजात आपली प्रार्थना म्हणत, त्या मंत्रांचा असर पुसला जावा म्हणून. देव्हाऱ्यात पांढऱ्या चिनी मातीची कान्नोनची मूर्ती. कान्नोन ही बौद्धांची करुणेची देवता. कडेवर बाळ घेतलेली मूर्ती पाहून अंमलदाराला ती कान्नोन वाटे, घरच्यांना ती मरियामाता. आणि फुमिएहून परतल्यावर म्हणायची ती पश्चात्तापाची प्रार्थना. पापनिवेदन ऐकायला धर्मगुरू नाही, तर मनापासून पश्चात्ताप केला तरी देव क्षमा करतो, अशी शिकवण जुन्या धर्मगुरूंनी देऊन ठेवली होती. त्या एका शिकवणीवर सात पिढ्या तगल्या.

इथं कुणी म्हणेल, की पाटीवर पाय ठेवला तिथंच धर्म बुडाला, ज्यांनी पाय ठेवायला नकार दिला तेच खरे. मला हा निवाडा देववत नाही. ज्यांनी नकार दिला ते हुतात्मे झाले, त्यांचं मोठेपण कोण नाकारील? पण पाय ठेवून परत आलेल्यांनी पोरांना शिकवलं नसतं तर १८६५ साली सांगायला कुणी उरलंच नसतं. यात घरच्या बायांचा वाटा मोठा असला पाहिजे. पोराला प्रार्थना पाठ करून घ्यायची आणि बाहेर तोंड बंद ठेवायलाही शिकवायचं, हे दोन्ही एकदम शिकवणं सोपं नाही. ज्यांच्या घरात चार-पाच वर्षांचं बोलघेवडं पोर आहे त्यांना विचारा.

सरकारलाही काहीच कळत नव्हतं असं नाही. १७९० नंतर उराकामीत चौकश्या झाल्या. १८०५ साली आमाकुसा बेटांत पाच हजारांवर माणसं तसल्या चालीरीती पाळताना सापडली. पण अंमलदारांनी ते ख्रिस्ती आहेत असं कागदावर येऊच दिलं नाही. अडाणी लोक, काहीतरी वेडावाकडा पंथ पाळतात, समज दिली, असं लिहून प्रकरण मिटवलं. खरं लिहिलं असतं तर इतकी वर्षं तुम्ही काय झोपला होता, असा जाब वरून आला असता, आणि पाच हजार नांगरधारी मारून सारा कुणाकडून वसूल करायचा? अंमलदार सगळीकडे सारखेच. १८५६ साली मात्र उराकामीचा चोकाता किचिझो याला धरलं, आणि तो तुरुंगातच मेला.

याच लोकांपैकी काही गोतो बेटांवर गेले. १७९७ मध्ये ओमुरा आणि गोतो या दोन सरदारांत ठरलं, की बेटांवरची पडीक जमीन करायला माणसं न्यायची. हजाराची मागणी होती, पुढं जवळपास तीन हजार गेले. सोतोमे किनाऱ्याचे गुप्त ख्रिस्ती त्यात मोठ्या संख्येनं होते. चांगली जमीन आधीच्या लोकांनी धरलेली. यांच्या वाट्याला डोंगरउतार आणि खडकाळ किनारे आले. तिथं त्यांनी पायऱ्या पाडून रताळी लावली आणि समुद्रावर गुजराण केली.

बास्तियाननं एक भाकीत करून ठेवलं होतं, असं हे लोक सांगत. सात पिढ्यांनंतर मोठ्या काळ्या जहाजांतून पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू येतील, आणि मग कुठंही मोठ्यानं गाणी म्हणत चालता येईल.

सांता मारिया कुठं आहे?

१८५४ नंतर जपानला परदेशी जहाजांना बंदरं उघडावी लागली. नागासाकीत परदेशी व्यापारी राहू लागले. फुमिए बंद झाली, पण जपान्यांना ख्रिस्ती धर्माची बंदी कायम होती. परदेश्यांसाठी म्हणून फ्रेंच धर्मगुरूंनी ओउरा इथं एक चर्च बांधलं, त्या २६ हुतात्म्यांच्या नावानं. त्यातच आपला गोन्सालोही आला.

१७ मार्च १८६५. शुक्रवार. दुपारी चर्चच्या दाराशी डझनभर किंवा थोडी अधिक माणसं उभी होती. बायामाणसं, मुलं, साधे शेतकरी. फादर पेतिजाँ यांनी दार उघडून त्यांना आत घेतलं आणि स्वतः प्रार्थनेला बसले. इतक्यात एक बाई त्यांच्याजवळ आली, छातीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, की आम्हा सगळ्यांची मनं तुमच्या मनासारखीच आहेत. तिचं नाव सुगिमोतो युरी. मग तिनं विचारलं, "सांता मारियाची मूर्ती कुठं आहे?"

मूर्ती पाहून त्या लोकांचा बांध फुटला. आम्ही हल्ली दुःखाचा काळ पाळतोय, आज सतरावा दिवस, असं ते म्हणाले. त्या साली उपवासकाळ १ मार्चला सुरू झाला होता. म्हणजे १७ मार्च हा बरोबर सतरावा दिवस. वाचकहो, दोनशेहून अधिक वर्षं बाहेरच्या जगाशी संबंध नसताना त्या पंचांगात एका दिवसाचीही चूक नव्हती!

पुढं दुसऱ्या गावचे, बेटांवरचे लोक येऊ लागले. तेही परीक्षा घेतल्याशिवाय विश्वास ठेवत नसत. रोमच्या मोठ्या धर्मगुरूला तुम्ही मानता का? तुमची बायको कुठं आहे? धर्मगुरू अविवाहित आहे आणि पोपला मानतो हे कळलं की त्यांची खात्री पटे. पेतिजाँ यांनी त्यांना गुपचूप राहायला सांगितलं. उराकामीत चार ठिकाणी छपराखाली गुप्त प्रार्थनाघरं उभी राहिली आणि रात्री धर्मगुरू जपानी वेषात तिथं जाऊ लागले.

'प्रवास'

पण आता गुपचूप राहणं या लोकांना जड जाऊ लागलं. १८६७ च्या वसंतात गावात मयत झालं. घरच्यांनी मठाच्या भिक्षूला न बोलावता प्रेत पुरलं. मागोमाग आणखी घरांनी तेच केलं, आणि आम्हाला मठाशी संबंध नको, असं पाटलाला सरळ सांगितलं. ते सांगणं म्हणजे स्वतःच्या हातानं फाशीचा दोर पुढं करणं होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

जुलैच्या मध्यावर, पावसाच्या रात्री, शिपायांनी गावाला वेढा घातला. ६८ जण बांधून नेले. हातपाय पाठीमागं आवळून टांगायचं, मारायचं, पाणी ओतायचं म्हणजे काथ्या आणखी आवळतो. एक-एक करून बहुतेकांनी धर्म सोडल्याचं कबूल केलं. ताकागी सेनएमोन या शेतकऱ्यानं मात्र केलं नाही. बाप्तिस्म्याचं त्याचं नाव दोमिंगो. तो पहिलवान नव्हता की बोलका पुढारीही नव्हता. धर्म सोडून घरी परतलेल्यांना मात्र घर खायला उठलं. त्यांच्यातल्या पुष्कळांनी थोड्याच दिवसांत पाटलाच्या वाड्यावर जाऊन सांगितलं, की आमचा शब्द आम्ही परत घेतो. एकदा मार खाल्लेल्यानं, तो मार पुन्हा मिळणार हे ठाऊक असताना, असं म्हणायला जावं, हे मला सेनएमोनच्या धीराइतकंच मोठं वाटतं.

इतक्यात राज्य बदललं. १८६८ साली शोगुन जाऊन सम्राट मेइजीचं सरकार आलं. नव्या सरकारनंही वेशीवरच्या फळ्यांवर जुनीच बंदी नव्यानं लिहिली आणि ठरवलं, की उराकामीचं गावच उठवायचं. त्या उन्हाळ्यात ११४ प्रमुख माणसं हागी, त्सुवानो आणि फुकुयामा इथं हद्दपार केली. १८७० च्या जानेवारीत, ऐन थंडीत, उरलेला सारा गाव. आधी घरातले कर्ते पुरुष, मग बाया, मुलं, म्हातारी. जहाजांत भरून वीसेक संस्थानांत वाटले. एका घरची माणसं कित्येकदा दोन मुलखांत. एकूण ३,४०० च्या आसपास. गोठे, घरं, शेतातली उभी पिकं तशीच टाकून. पुढं आयुष्यभर उराकामीची माणसं त्या हद्दपारीला एकाच साध्या शब्दानं ओळखत. 'प्रवास'.

त्सुवानोत सगळ्यांत कडक वागणूक होती. डोंगरातल्या एका रिकाम्या मठात त्यांना ठेवलं. पहिल्यांदा विद्वानांनी चर्चा केली. हे अडाणी लोक दोन दिवसांत वठणीवर येतील, असा त्यांचा होरा होता. शेतकरी वादात हटेनात, तेव्हा जेवण तोडलं. मग बर्फ जमलेल्या तळ्यात उभं करणं. सेनएमोन आणि मोरियामा जिनझाबुरो या दोघांना तळ्यात उतरवलं ते अंग काळंनिळं होईपर्यंत. चारी बाजूंनी तीन-तीन फुटांचा एक लाकडी पिंजरा होता, त्यात ना उभं राहता येई ना पाय पसरता येई. यासुतारो नावाच्या गड्याला बर्फात त्या पिंजऱ्यात ठेवलं. तो मूळचाच शांत, आपल्या वाटचा घास दुसऱ्याला देणारा. जिनझाबुरो रात्री लपून त्याच्यापाशी गेला तेव्हा यासुतारो म्हणाला, की रात्री एक निळ्या वस्त्रातली बाई येऊन माझ्याशी बोलते, मला एकटं वाटत नाही. तो पिंजऱ्यातच गेला. जिनझाबुरोचा धाकटा भाऊ युजिरो १४ वर्षांचा. त्याला बांधून मारलं. तो बहीण मात्सू हिच्या कुशीत मेला. पाच वर्षांच्या एका मुलीला शिपायानं खाऊ दाखवला आणि ख्रिस्ती नाही म्हण, म्हणाला. स्वर्गातला खाऊ याहून गोड आहे, असं ती म्हणाली, अशी आठवण तिथं सांगतात.

त्सुवानोत एकूण १५३ जण होते. तीन डझन माणसं तिथंच मेली. सगळ्या ठिकाणचे मिळून सहाशेहून अधिक गेले, आणि हजाराच्या आसपास माणसांनी छळाला कंटाळून धर्म सोडल्याचं लिहून दिलं. सगळीकडं वागणूक सारखी नव्हती. ओकायामाकडं त्सुरुशिमा नावाच्या बेटावर कैद्यांना माळरान मोडून शेत करायला लावलं. इवानागा माकी ही विशीतली मुलगी घरच्यांसह तिथं होती.

१८७१ साली जपानचे मोठमोठे मंत्री अमेरिका-युरोपच्या दौऱ्यावर गेले. जुने तह बदलून मागायचे होते. पण जातील तिथं एकच प्रश्न, तुम्ही शेतकऱ्यांना धर्मासाठी तुरुंगात का ठेवता? अखेर २४ फेब्रुवारी १८७३ ला सरकारनं वेशीवरचे ते फळे उतरवले. बंदी उठवली असं स्पष्ट कुठं म्हटलं नाही, फळे तेवढे काढले. धर्माचं स्वातंत्र्य कागदावर यायला १८८९ ची राज्यघटना उजाडली.

परतल्यावर

हद्दपार माणसं गावी आली तेव्हा शेतं रानानं भरली होती. घरांतलं सामान गेलेलं, कुणाचं छप्परही गेलेलं. औतं नाहीत, कुदळी नाहीत, बी नाही. फुटक्या मडक्यांच्या खापऱ्यांनी माती उकरून त्यांनी रताळ्याचे वेल लावले, असं जुनी माणसं सांगत. दुसऱ्याच साली, १८७४ मध्ये, हगवणीची साथ आली आणि वादळही झालं. फादर द रोत्झ हा फ्रेंच धर्मगुरू औषधाची पेटी घेऊन घरोघर फिरला. त्याच्याबरोबर माकी आणि तिच्या तीन मैत्रिणी होत्या. त्या रात्री घरी न जाता एका गोदामवजा खोपटात निजत, साथ घरच्यांना लागू नये म्हणून. साथीत पोरकी झालेली पोरं त्यांनी सांभाळायला घेतली. माकीनं पुढं लग्न केलं नाही. शेतात राबून त्या बायांनी अनाथांचं घर चालवलं, ते माकी १९२० साली वारल्यावरही चालू राहिलं.

१८८० साली गावकऱ्यांनी वर्गणी काढून चर्चसाठी जागा विकत घेतली. जागा होती पाटलाच्या वाड्याची. जिथं दरसाल पितळी पाटीवर पाय ठेवायला लागे, तीच. १८९५ ला विटांचं काम सुरू झालं. पैसा आला की काम चालायचं, संपला की थांबायचं. १९१४ साली चर्च पुरं झालं आणि १९२५ साली दोन मनोरे चढले. त्यात दोन घंटा.

९ ऑगस्ट १९४५ ला सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी नागासाकीवर टाकलेला अणुबाँब उराकामीच्याच आकाशात फुटला. चर्चपासून अंतर जेमतेम अर्धा किलोमीटर. १५ ऑगस्टच्या सणासाठी लोक पापनिवेदनाला आले होते. आतलं कुणी वाचलं नाही. उराकामीच्या सुमारे १२,००० ख्रिस्ती माणसांपैकी ८,५०० गेली असं मानलं जातं. मेलेल्यांत मिदोरी नावाची गृहिणी होती, तुरुंगात मेलेल्या किचिझो चोकाताच्या वंशातली. तिचे पती डॉ. नागाई ताकाशी रक्ताच्या कर्करोगानं अंथरुणाला खिळले, तरी १९५१ मध्ये जाईपर्यंत दोन चटयांच्या खोलीत पडल्या पडल्या लिहीत राहिले.

ढिगाऱ्यातून एक घंटा धड निघाली. त्या वर्षीच्या नाताळच्या आदल्या रात्री गावकऱ्यांनी ती तिकाटण्याला टांगून वाजवली. दुसरी फुटली होती. चर्च १९५९ साली पुन्हा उभं राहिलं, पण एका मनोऱ्यात घंटाच नव्हती. अमेरिकेतल्या कॅथलिक लोकांनी पैसे जमवून नवी घंटा ओतून दिली, आणि ९ ऑगस्ट २०२५ ला, ऐंशी वर्षांनी, दोन्ही मनोऱ्यांतून एकदम घंटानाद झाला.

या गुप्त ख्रिस्त्यांच्या गावांना, बेटांना आणि ओउरा चर्चला २०१८ साली युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलं. बारा ठिकाणं आहेत त्या यादीत. सगळेच गुप्त ख्रिस्ती मात्र चर्चकडं परतले नाहीत. इकित्सुकी बेटावरच्या काही घरांना धर्मगुरूंचा धर्म वेगळा वाटला, आजोबा-पणजोबांनी राखला तोच आपला, असं म्हणून ती घरं तशीच राहिली. तिथली थोडी म्हातारी माणसं जुन्या लॅटिन-पोर्तुगीज शब्दांच्या प्रार्थना आजही जमिनीवर बसून म्हणतात. पुष्कळ शब्दांचा अर्थ त्यांना लागत नाही. तरुण पोरं नोकरीसाठी शहराकडं गेली आहेत, आणि पाठ करून घ्यायला कुणी येत नाही, अशी त्यांची तक्रार आहे.